मातृभाषेचे सोवळे आणि कादंबरीची भाषा

१

काही महिन्यांपूर्वी एका विद्यापीठीय चर्चासत्रात कादंबरीच्या भाषेविषयी बोलताना एका ज्येष्ठ समीक्षकांनी असे प्रतिपादन केले की, कविता एकवेळ परभाषेत साधेल, कारण ती शब्दांची असते. कादंबरी मात्र माणसांची असते आणि माणसे मातृभाषेतच भेटतात. तेव्हा शिकाऊ भाषेत लिहिलेली कादंबरी ही फार तर भाषिक कसरत ठरेल, वाङ्मय ठरणार नाही. भाषा रक्तात मुरावी लागते, असे सांगून त्यांनी भाषणाचा समारोप केला. सभागृहात टाळ्या वाजल्या. प्रस्तुत लेखकानेही त्या वाजवल्या. त्या टाळ्यांविषयी संकोच वाटू लागला तो पुढे, आणि त्या संकोचातूनच हे टिपण लिहिले आहे. तेव्हा येथे करावयाचा प्रतिवाद केवळ त्या वक्त्यांच्या भूमिकेचा नाही. मराठी समीक्षेत इतकी वर्षे निर्धास्तपणे वावरणाऱ्या आणि मी स्वतः वर्गात शिकवीत आलेल्या एका गृहीताचा तो आहे.

'शिकाऊ भाषा' हा शब्द त्यांनी हेटाळणीने वापरला होता. मी तो वर्णनपर मानून पुढे वापरणार आहे. लेखक जी भाषा लिहिता लिहिताच शिकत असतो, जिच्यात त्याला शब्दकोश हाताशी ठेवल्यावाचून पान पुरे करता येत नाही, ती शिकाऊ भाषा. अशा भाषेत कादंबरी लिहिणे शक्य आहे काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. अशा कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. प्रश्न आहे तो त्या वाचण्याची सामग्री आपल्या समीक्षेजवळ आहे काय, हा.

वरील भूमिकेत तीन वेगवेगळी विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले असे की, भावानुभव मातृभाषेतच घडतो, म्हणून सर्जनही तिच्यातच शक्य आहे. दुसरे असे की, कादंबरीची भाषा ही एका भाषिक समाजाची जिवंत बोलणी असते, म्हणून ती त्या समाजाबाहेरच्याला साधत नाही. आणि तिसरे, जे बहुधा उघड उच्चारले जात नाही पण ज्याचे बळ पहिल्या दोहोंना मिळते, ते असे की, परभाषेत लिहिणे म्हणजे सत्तेपुढे मान तुकवणे होय. ही तीन विधाने सुटी केली पाहिजेत. पहिले ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नाही, दुसरे कादंबरीच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजावर उभे आहे आणि तिसरे गंभीर आहे. पण त्याचा रोख भलतीकडे वळवला गेला आहे.

२

सर्जन मातृभाषेतच होते, हे विधान आपल्याकडे देशी जाणिवेचा उद्गार म्हणून मांडले जाते. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीला जे अनुयायी लाभले, त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखनात ते जवळजवळ स्वयंसिद्ध सत्यासारखे येते. परंतु या विधानाची वंशावळ तपासली तर ती नेवाशाला किंवा पैठणला जात नाही. ती बर्लिनला जाते. फ्रीडरिख श्लायरमाखर यांनी १८१३ साली तेथील विज्ञान अकादमीत अनुवादाच्या पद्धतींविषयी दिलेल्या व्याख्यानात, मनुष्य मौलिक निर्मिती केवळ आपल्या मातृभाषेतच करू शकतो, असा सिद्धान्त आग्रहाने मांडला होता. हेर्डरपासून चालत आलेल्या जर्मन स्वच्छंदतावादाने भाषा, लोक आणि राष्ट्र यांची जी एकजूट बांधली, तिचा हा भाग होय. नेपोलियनच्या फ्रेंच वर्चस्वाखालून बाहेर पडू पाहणाऱ्या समाजाला या सिद्धान्ताची गरज होती, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याला आपण देशी म्हणून मिरवतो तो विचार परदेशी आहे आणि त्याचे वय सुमारे दोनशे वर्षे आहे, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

त्यापूर्वीच्या आपल्या वाङ्मयीन व्यवहाराला हा सिद्धान्त ठाऊकही नव्हता. ज्या वाङ्मयप्रकाराविषयी आपण बोलत आहोत, त्याला मराठीने दिलेले नावच पाहा. 'कादंबरी' हा शब्द आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कृतीवरून घेतला. बाणाच्या काळी संस्कृत ही अध्ययनाने, व्याकरणाने, गुरुमुखातून मिळवावयाची भाषा होती; पाळण्यातून मिळणारी नव्हती. म्हणजे शिकून मिळवलेल्या भाषेत कादंबरी होऊ शकत नाही, हे विधान ज्या शब्दाच्या आधारे केले जाते तो शब्दच त्या विधानाचे खंडन करतो.

मराठी गद्याचा आरंभ पाहिला तर परिस्थिती याहून बोलकी आहे. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त त्यांचे जे बोलणे येते, ज्याच्या साधेपणाची आणि नेमकेपणाची आपण पिढ्यान्‌पिढ्या वाखाणणी करीत आलो, ते परंपरेचेच म्हणणे मानले तर मराठी शिकून घेतलेल्या माणसाचे बोलणे आहे. त्या वाक्यांचा आखूडपणा, क्रियापदांवरचा भर, अलंकारांविषयीची उदासीनता यांचा विचार या अंगाने कोणी केला आहे काय? मी तसा सिद्धान्त मांडत नाही. संहितेच्या संपादनाचे अनेक थर मध्ये आहेत. पण प्रश्नच विचारला गेला नाही, हे लक्षणीय आहे.

आणि फादर थॉमस स्टीफन्स? १५७९ साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्याने रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. प्रत्येक अभ्यासक्रमात आपण त्याला स्थान देतो, पण कशासाठी? त्याने मराठीची केलेली स्तुती विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्यासाठी. परक्याने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण स्टीफन्स वाचतो. शिकाऊ भाषेत रचलेली एक प्रचंड आख्यानकृती म्हणून आपण तो वाचत नाही. १६१६ सालच्या इंग्रजाला जे साधले ते आजच्या माणसाला साधणार नाही, असे म्हणणाऱ्याने निदान कारण दिले पाहिजे. पुराण ही कादंबरी नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण भाषा रक्तात मुरल्यावाचून सर्जन नाही, हे विधान वाङ्मयप्रकार पाहून केलेले नव्हते.

३

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. आगोता क्रिस्टोफ या हंगेरीत १९३५ साली जन्मल्या. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर पती आणि काही महिन्यांची मुलगी यांच्यासह त्यांनी रात्री पायी सीमा ओलांडली आणि ऑस्ट्रियामार्गे त्या स्वित्झर्लंडमधील नशातेल या फ्रेंचभाषक शहरात पोहोचल्या. तेथे पाच वर्षे त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात काम केले. यंत्रांच्या आवाजात, सोबतच्या बायकांकडून त्या फ्रेंच बोलायला शिकल्या. वाचायला मात्र नाही. ज्या बाईला वयाच्या चौथ्या वर्षापासून वाचता येत होते, ती पुन्हा निरक्षर झाली. याच अर्थाचे शीर्षक त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्या आत्मकथनाला दिले. नंतर त्यांनी विद्यापीठाच्या परदेशीयांसाठीच्या वर्गात नाव घातले आणि वाचायला शिकल्या. आधी नाटके लिहिली आणि १९८६ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली : 'ल ग्राँ काये', म्हणजे मोठी वही. तिचे पुढचे दोन भाग १९८८ आणि १९९१ साली आले. २०११ साली त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत आपल्याला फ्रेंच नीट येत नाही, शब्दकोशाशिवाय चुका होतात, असे त्या सांगत राहिल्या.

या कादंबरीत जुळे भाऊ आहेत. युद्धकाळात आई त्यांना सीमेजवळच्या गावात कंजूष, क्रूर आजीकडे सोडून जाते. देशाला नाव नाही, युद्धाला नाव नाही, मुलांनाही या भागात नाव नाही. प्रकरणे दोन-तीन पानांची, त्यांची शीर्षके शाळेतल्या निबंधांच्या मथळ्यांसारखी. निवेदन प्रथमपुरुषी अनेकवचनात, वर्तमानकाळात. वडिलांचा शब्दकोश आणि आजीच्या घरात सापडलेले बायबल एवढ्या सामग्रीवर ही मुले स्वतःच स्वतःचे शिक्षण करतात. एकमेकांना विषय देतात, ठरावीक वेळात निबंध लिहितात, शब्दकोश पाहून एकमेकांचे लेखन तपासतात आणि चांगला ठरलेला निबंधच मोठ्या वहीत उतरवून घेतात. चांगले कशाला म्हणावयाचे, याचा त्यांचा नियम कडक आहे : जे आहे, जे पाहिले, ऐकले, केले तेवढेच लिहावयाचे. भावनांचे नाव घेणारे शब्द संदिग्ध असतात, म्हणून ते टाळावयाचे.

हा नियम कोणाचा आहे? कथानकाच्या पातळीवर तो मुलांचा आहे. युद्धाने त्यांना शिकवलेला. पण तोच फ्रेंच शिकणाऱ्या लेखिकेचाही नियम आहे. शिकाऊ भाषेत माणसाजवळ वस्तूंची नावे आणि क्रिया असतात. भाववाचक नामांच्या छटा त्याला उमगत नाहीत. क्रिस्टोफ यांनी आपली ही उणीव लपवली नाही आणि तिचे प्रदर्शनही मांडले नाही. जिच्यासाठी हीच भाषा अटळ ठरेल अशी माणसे त्यांनी निर्माण केली. येथे भाषेची मर्यादा आणि आशय यांच्यात फट राहिलेली नाही. पक्व, लालित्यपूर्ण फ्रेंचमध्ये ही कादंबरी लिहिली गेली असती तर ती युद्धातील बालपणाची आणखी एक करुण कहाणी झाली असती.

एक प्रकरण येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ही मुले मन कणखर करण्याचा सराव करतात. आधी ती एकमेकांना शिव्या देतात, त्या निरर्थक होईपर्यंत देत राहतात. पण शिव्यांहून जास्त दुखावणारे शब्द वेगळेच असतात : आईने लाडाने उच्चारलेले. म्हणून ती तेही शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, त्यांचा अर्थ झिजेपर्यंत आणि वेदना बोथट होईपर्यंत. मातृभाषेविषयी एवढे भेदक काही मी अन्यत्र वाचलेले नाही. ज्या भाषेत आई बोलली तीच भाषा सर्वांत असह्य होते, असा अनुभव असू शकतो. भावानुभव मातृभाषेत घडतो हे विधान घटकाभर मान्य केले तरी त्यातून, तो त्याच भाषेत सांगता येतो, हा निष्कर्ष निघत नाही. कधीकधी तो सांगता यावा म्हणूनच ती भाषा सोडून बाहेर यावे लागते.

४

आपल्याकडे या विषयावर बोलताना कॉनरॅड, नाबोकॉव आणि बेकेट ही तीन नावे एका दमात घेतली जातात. हे अपवादात्मक प्रतिभावंत आहेत, असे म्हणून पुढे चर्चा आटोपली जाते. पण ही तीन उदाहरणे एका जातीची नाहीत. नाबोकॉव यांना इंग्रजी बालपणापासून घरात मिळालेली होती; त्यांनी रशियन सोडल्याचे दुःख जाहीरपणे व्यक्त केले, पण ते शिकाऊ लेखकाचे दुःख नव्हते. बेकेट यांनी डब्लिनला फ्रेंचचे रीतसर अध्ययन केले होते आणि पॅरिसमध्ये अध्यापनही केले होते. फ्रेंचकडे ते वळले ते इंग्रजीतील अति-परिचयाचा भार उतरवण्यासाठी. तिघांपैकी कॉनरॅड मात्र वयाच्या विशीच्या सुमारास बोटीवर इंग्रजी शिकू लागले. पोलिश आणि फ्रेंच यांच्यानंतरची ही तिसरी भाषा. तिच्यात त्यांची पहिली कादंबरी १८९५ साली आली. या तिघांना 'अपवाद' या एका खणात कोंबल्याने सिद्धान्त सुरक्षित राहतो, पण काही समजत मात्र नाही.

शिकाऊ भाषेतील प्रत्येक कादंबरी चांगली असते, असा माझा दावा नाही. तसा दावा करणे म्हणजे एका सोवळ्याच्या जागी दुसरे सोवळे नेसणे होय. आखूड वाक्य म्हणजे खोली नव्हे आणि शब्दांचे दारिद्र्य म्हणजे संयम नव्हे. म्हणूनच निकषांची गरज आहे आणि ते 'भाषा मुरली आहे की नाही' यापेक्षा अधिक नेमके असले पाहिजेत. मला तीन प्रश्न उपयुक्त वाटतात. लेखकाच्या भाषिक उणिवेला कादंबरीच्या रूपबंधात काही कार्य मिळाले आहे काय? निवेदकाची भाषिक स्थिती आणि लेखकाची भाषिक स्थिती यांच्यात काही सार्थ नाते आहे काय? आणि त्या भाषेच्या मूळ भाषकाला स्वतःच्या भाषेत पूर्वी न ऐकलेले काही ऐकू येते काय?

तोरू दत्त यांची फ्रेंच कादंबरी या निकषांवर पाहता येईल. कलकत्त्यात १८५६ साली जन्मलेली ही मुलगी किशोरवयात कुटुंबासह युरोपात गेली, तेथे फ्रेंच शिकली आणि १८७७ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी वारली. दार्व्हेर नावाच्या फ्रेंच तरुणीची रोजनिशी या रूपात तिने लिहिलेली कादंबरी वडिलांना तिच्या कागदपत्रांत सापडली आणि १८७९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय व्यक्तीने फ्रेंचमध्ये लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. या पराक्रमाचे मोल कमी नाही. पण तिचे परिश्रम गेले ते आपले परकेपण पुसून टाकण्यात. निवेदिका फ्रेंच, परिसर फ्रेंच, भावविश्व त्या काळच्या फ्रेंच कुलीन कादंबऱ्यांचे. भाषा शिकणारी कलकत्त्याची मुलगी या कादंबरीत कोठेच नाही. या कृतीत उणीव जाणवत असेल तर ती फ्रेंच शिकाऊ होती म्हणून नव्हे. शिकाऊपणा लपवला गेला म्हणून.

नेमके उलट उदाहरण शाओलू ग्वो यांचे. चीनमधून २००२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या या लेखिकेची इंग्रजी कादंबरी २००७ साली आली. लंडनमध्ये इंग्रजी शिकायला आलेली एक चिनी तरुणी तीत निवेदन करते. प्रकरणांच्या माथ्यावर शब्दकोशातील नोंदी आहेत. आरंभीची तिची इंग्रजी मोडकी आहे आणि पानागणिक ती सुधारत जाते. काळ आणि कर्ता यांविषयीचे तिचे गोंधळ हे व्याकरणाचे गोंधळ राहत नाहीत. प्रियकराबरोबरच्या नात्यात 'मी' कोठे संपते आणि 'आपण' कोठे सुरू होते, भविष्याविषयी बोलावे की नाही, हेच प्रश्न ती व्याकरणातून विचारत असते. या कादंबरीतील 'चुका' दुरुस्त केल्या तर कथानकच नाहीसे होईल.

झुंपा लाहिरी यांच्याविषयी आपल्याकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. बंगाली आईवडिलांची, इंग्रजीत कीर्ती मिळवलेली लेखिका हौसेने रोमला जाऊन राहते, इटालियन शिकते आणि तिच्यात लिहू लागते. हे सुखवस्तू माणसाचे चोचले नव्हेत काय? क्रिस्टोफ यांच्यामागे रणगाडे होते, लाहिरींच्या मागे कोणीच नव्हते, हे खरे आहे. पण कृतीचे मूल्य लेखकाच्या विपत्तीवरून ठरवू लागलो तर समीक्षेचे पंचनाम्यात रूपांतर होईल. त्यांची २०१८ सालची इटालियन कादंबरी पाहावी. निवेदिकेला नाव नाही, शहराला नाव नाही आणि बहुतेक प्रकरणांची शीर्षके केवळ स्थाननिर्देशक आहेत : रस्त्यावर, कचेरीत, अशा धर्तीची. परभाषा शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळतात ती 'वर', 'आत', 'मध्ये' दाखवणारी हीच अव्यये. आपण नेमके कोठे आहोत हे न उमगलेल्या स्त्रीची कादंबरी त्या अव्ययांवर उभी राहते. ती क्रिस्टोफ यांच्या उंचीची नाही, असे माझे मत आहे. तिच्यातील रिक्तता कधीकधी सजावटीची वाटते. पण हे मत कादंबरी वाचून देता येते. लेखिकेचे जन्मस्थळ पाहून ते देता येत नाही.

५

दुसऱ्या विधानाचा निकाल यातच बव्हंशी लागतो. माणसे मातृभाषेतच भेटतात, हे कोणत्या माणसांविषयी खरे आहे? नशातेलच्या कारखान्यातील निर्वासित बायका एकमेकींना फ्रेंचमध्ये भेटत होत्या. मुंबईच्या लोकलच्या डब्यात, बांधकामाच्या जागेवर, इस्पितळाच्या सामान्य कक्षात माणसे रोज अर्ध्या-मुर्ध्या येणाऱ्या भाषांत भेटतात, भांडतात, प्रेमात पडतात. बाख्तीन यांनी तर कादंबरीचे मूळच तेथे पाहिले, जेथे एक भाषा दुसरीच्या उजेडात स्वतःकडे पाहू लागते. एकजिनसी, मुरलेली, आपल्याच घरात निश्चिंत असलेली भाषा महाकाव्याला शोभेल. कादंबरीला ती अपुरी पडते. बाख्तीन यांचे नाव आपण प्रबंधांत मुबलक घेतो आणि मौखिक परीक्षेत मात्र 'भाषा अस्सल आहे का?' असे विचारतो.

तिसरे विधान सत्तेविषयीचे आहे आणि ते मी हलके मानत नाही. न्गुगी वा थिओंगो यांनी ते सर्वांत सामर्थ्याने मांडले. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छडी मिळे किंवा मूर्ख असल्याची पाटी गळ्यात अडकवावी लागे, हा त्यांचा अनुभव होता. इंग्रजीत नाव मिळवलेल्या या लेखकाने तुरुंगात शौचाच्या कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली. १९८० साली ती प्रसिद्ध झाली. १९८६ साली आलेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाने मनाच्या निर्वसाहतीकरणाचा विचार जगभर नेला. २०२५ साली ते वारले, तोवर ते या भूमिकेवर ठाम होते. पण त्यांचा आक्षेप कशावर होता? मूल स्वतःच्या भाषेतून उखडले जाते आणि त्या उखडण्यालाच शिक्षण म्हटले जाते, यावर. परभाषा शिकण्यावर नव्हे. क्रिस्टोफ यांनीही फ्रेंचला शत्रुभाषा म्हटले, कारण ती आपल्या मातृभाषेला मारीत आहे, अशी त्यांची भावना होती. तरीही त्यांनी तिच्यात लिहिले. शत्रूच्या भाषेत लिहिणे आणि शत्रूला शरण जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

शिवाय सत्तेचा प्रश्न विचारावयाचा तर तो सर्व दिशांनी विचारला पाहिजे. स्टीफन्स मराठी शिकला तो धर्मांतराच्या कार्यासाठी, आणि त्याच पोर्तुगीज राजवटीने पुढे १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. म्हणजे भाषा शिकणारा नेहमी दुर्बलच असतो असेही नाही. प्रत्येक ठिकाणी कोण कोणाची भाषा शिकतो आहे आणि न शिकल्यास कोणाचे काय अडते, हे पाहावे लागते. हा प्रश्न आपण इंग्रजीला विचारतो. मराठीला विचारतो काय?

६

आता टाळ्यांच्या संकोचाकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मेळघाटातून आलेला एक विद्यार्थी होता. घरी कोरकू, आश्रमशाळेत मराठी. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा आहे. हंगेरियन आणि फ्रेंच ज्या अर्थाने वेगवेगळ्या कुळांतील भाषा आहेत, त्याच अर्थाने कोरकू आणि मराठी. म्हणजे हा मुलगा परक्या भाषेत एम. ए. करीत होता आणि ती भाषा मी त्याला 'तुझी मायबोली' म्हणून शिकवत होतो.

एके दिवशी त्याने शंभरेक पानांची कादंबरी दाखवायला आणली. वाक्ये लहान. काळ एकच, चालू वर्तमान. विशेषणे जवळजवळ नाहीतच. एका प्रसंगात निवेदकाचा धाकटा भाऊ तापाने जातो आणि वडील दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले असतात. तेथे त्याने लिहिले होते : 'बाप रडतो. मग बाप रडत नाही. गाडी येत नाही.' मी तांबडी पेन्सिल घेतली आणि दुरुस्ती केली : 'वडिलांनी मोठ्या कष्टाने हुंदका आवरला आणि गाडीच्या वाटेकडे डोळे लावले.' अशी शंभर पाने मी मन लावून, खरोखर आस्थेने सुधारली. त्याने ती परत घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "सर, आता हे तुमच्यासारखं झालं." मला ती स्तुती वाटली. ती सुधारलेली प्रत त्याने एका प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. भाषेत ताजेपणा नाही, असा अभिप्राय येऊन ती परत आली. त्यानंतर तो त्याविषयी काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

पुढे 'मोठी वही' वाचताना त्या तीन वाक्यांची आठवण झाली आणि पुस्तक बाजूला ठेवावे लागले. मी पुसले होते ते अज्ञान नव्हते. बापाचे रडणे आणि न रडणे यांच्या मधल्या जागेत त्या मुलाने काहीही घातले नव्हते, आणि ती जागा मी 'मोठ्या कष्टाने' या दोन शब्दांनी बुजवली होती.

दलित साहित्य आले तेव्हाही भाषेच्या याच सोवळ्याने त्याला दाराबाहेर थांबवले होते. बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ यांच्या भाषेसाठी समीक्षेला आपला कान बदलावा लागला. कैकाडी समाजात वाढलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'साठीही. पण तेव्हा आपण जो कान बदलला तो बोलीसाठी बदलला. शिव्या, म्हणी, रांगडेपणा, मातीचा वास यांना 'अस्सल' म्हणून मान्यता मिळाली. आज एखादा कोरकू, गोंड किंवा भिल्ल तरुण मराठीत लिहितो तेव्हा त्याच्याकडे आपण हेच मागतो : तुझ्या भाषेतले शब्द पेर, तळटिपा दे, लोकगीत घाल. तो शाळेत शिकलेल्या, पुस्तकी, अपुऱ्या प्रमाण मराठीत लिहीत असेल तर ते आपल्याला ना शुद्ध वाटते ना अस्सल. या दोन्ही मागण्यांच्या मधे त्याची खरी भाषिक स्थिती, म्हणजे शिकाऊपणा, हरवून जाते.

त्याने कोरकूत लिहावे काय? अवश्य लिहावे, न्गुगींचा युक्तिवाद येथे पूर्ण बळाने लागू होतो, आणि त्यासाठी कोरकूत शिक्षण, प्रकाशन, वाचक उभे राहणे ही आपली सामूहिक जबाबदारी आहे. पण 'तू तुझ्या भाषेत लिही' हा सल्ला मराठीचे दार लावून घेण्यासाठी दिला जात असेल तर तो देशीयतेचा नव्हे, मक्तेदारीचा उद्गार आहे. कोणत्या भाषेत लिहावयाचे हे लेखक ठरवील. त्याने मराठी निवडली तर ती त्याची मराठी म्हणून वाचण्याची तयारी आपण दाखवली पाहिजे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. पण अभिजात म्हणून गौरवल्या गेलेल्या भाषेच्या सामर्थ्याची खूण तिच्या प्राचीन शिलालेखांत जितकी असते तितकीच परक्यांना तिच्यात काय करता येते, यातही असते. संस्कृतमध्ये, फ्रेंचमध्ये, इंग्रजीत परक्यांनी लिहिले आणि त्या भाषा त्यामुळे पातळ झाल्या नाहीत. मराठी शिकाऊ माणसाच्या हाती गेली तर ती बिघडेल, अशी भीती वाटणाऱ्याचा मराठीवर फारसा विश्वास नाही, असेच म्हणावे लागते.

तो विद्यार्थी आता एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. चर्चासत्रानंतर मी त्याला दूरध्वनी केला आणि मूळ प्रत आहे का, असे विचारले. आहे, असे तो म्हणाला. माझ्या दुरुस्त्यांची प्रत मात्र त्याने ठेवली नव्हती. मूळ प्रत वाचायला मागितली तेव्हा त्याने एकच विचारले, "सर, पेन्सिल घेऊन वाचणार?" नाही, असे मी सांगितले. प्रत अजून यायची आहे. ती वाचून झाल्यावर ती कादंबरी वाईट आहे असे माझे मत होणेही शक्य आहे. पण ते मत बनवण्याचा अधिकार मी ती वाचल्यावरच मिळवणार आहे, आणि हा अधिकार आपल्यापैकी अनेकांनी वाचण्याआधीच वापरून टाकला आहे.